चौरंगी ते पंचरंगी : मुंबईचे हौशी क्रिकेट आणि वृत्तपत्रीय मतप्रदर्शन (१९०६-१९४६)

प्रस्तावना

खेळाचा इतिहास हा बहुधा धावा, बळी आणि जय-पराजय यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु वसाहतकालीन मुंबईत मैदानावर जे घडत होते, त्याइतकेच महत्त्व त्यावर दुसऱ्या दिवशी छापून येणाऱ्या मजकुराला होते. त्या काळचे क्रिकेट हौशी होते. खेळाडू कचेरीत, रेल्वेत किंवा पेढीवर नोकरी करून सामने खेळत. मोबदला अल्प असल्यामुळे मान हाच मुख्य लाभ होता आणि तो मान वाटण्याचे काम वृत्तपत्रे करीत. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या यॉट क्लबच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीही हौशीच होत्या. तथापि त्या क्लबची दारे भारतीयांना दीर्घकाळ बंद होती आणि शर्यत भर समुद्रात होत असे. क्रिकेटचे मैदान मात्र उघडे होते. गिरगावातून पायी निघालेला माणूसही ते पाहू शकत होता. त्यामुळे त्यावरील मतप्रदर्शन हे साऱ्या शहराचे मतप्रदर्शन बनले. प्रस्तुत निबंधात या मतप्रदर्शनाचे दोन टप्पे विचारात घेतले आहेत : पहिला जातीच्या प्रश्नाचा व दुसरा जमातीच्या प्रश्नाचा.

पार्श्वभूमी

युरोपीय आणि पारशी यांच्यातील सामन्यांत १९०७ साली हिंदूंचा संघ सामील झाला व तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये भारतीय ख्रिस्ती, ज्यू आदींचा ‘शेष’ संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. या रचनेचा पाया जिमखान्यांत होता. मरीन लाइन्सच्या किनाऱ्यालगत पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना स्वतंत्र जागा मिळाल्या होत्या. सरकारने जमीनच जमातवार दिल्यामुळे संघही जमातवार झाले. ही विभागणी खेळाडूंच्या मनातून निघालेली नसून जमिनीच्या वाटपातून आलेली होती, ही बाब पुढील वादात बहुधा दुर्लक्षित राहिली.

पहिला टप्पा : संघाच्या आतील भिंत

पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात ते एकाच संघात खेळत. परंतु चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. चेंडूला स्पर्श चालतो, पेल्याला चालत नाही, हा त्यातील विरोधाभास. मुंबईच्या हिंदू जिमखान्याने त्यांना सामावून घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा समावेश असलेल्या हिंदू संघाने युरोपीय संघाचा पराभव केला, तेव्हा कामाक्षी नटराजन यांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने त्या विजयाकडे क्रीडावार्ता म्हणून न पाहता सामाजिक सुधारणेचे पाऊल म्हणून पाहिले. गोऱ्यांवरील विजयापेक्षा स्पृश्य-अस्पृश्यांनी एकत्र खेळणे व एकत्र बसणे अधिक महत्त्वाचे, असा त्या टिप्पणीचा आशय होता.

येथून बाळूंचे नाव मैदानापलीकडे गेले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० च्या डिसेंबरात त्यांना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे बंधू निषेध म्हणून बाहेर पडले व त्यांनी आपली बाजू जाहीर निवेदनाद्वारे मांडली. ही घटना विशेष लक्षणीय आहे. तोवर वृत्तपत्रे या खेळाडूंविषयी लिहीत होती. आता खेळाडू स्वतः वृत्तपत्रांतून बोलू लागले. योग्यतेचा निकष खेळ की जात, हा प्रश्न त्यांनी वाचकांपुढे ठेवला. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता-निवारणाचा पुकारा होत होता, त्यामुळे निवड समितीला या प्रश्नाकडे डोळेझाक करणे कठीण झाले. अंतिम सामन्यासाठी बंधू परतले आणि बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल हे कर्णधार झाले व त्यांच्या संघाने युरोपीयांना हरवून स्पर्धा जिंकली. पुढे विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले.

मात्र छापील कीर्ती ही दुधारी असते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ या कामगारवस्तीच्या मतदारसंघात काँग्रेसने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. डॉ. आंबेडकर विजयी झाले. बाळू सुमारे दोन हजार मतांनी मागे राहिले. एका बाजूला मैदानावर मिळवलेला मान आणि दुसऱ्या बाजूला हक्कांसाठी उभारलेली चळवळ, यांतील निवड परळच्या मतदारांना करावी लागली. सुधारकी वृत्तपत्रांनी घडविलेल्या प्रतिमेला बरेच वजन होते. परंतु ते वजन चळवळीची जागा घेऊ शकले नाही, असा या निकालाचा अर्थ लावता येतो.

दुसरा टप्पा : संघांमधील भिंत

संघाच्या आत सर्व हिंदूंना स्थान असावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी ‘हिंदू संघ’ ही कल्पनाच योग्य आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला होता. १९३४ मध्ये रणजी करंडकाची प्रांतवार स्पर्धा सुरू झाल्यावर या प्रश्नाला पर्यायाचे बळ मिळाले. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्या संपादकत्वाखालील ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने जमातवार सामन्यांविरुद्ध भूमिका घेतली, क्रीडासंपादक जे. सी. मैत्रा त्या टीकेत अग्रभागी होते. मार्च १९४० च्या लाहोर ठरावानंतर या टीकेची धार वाढली.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याच्या शिष्टमंडळाने वर्ध्याला महात्मा गांधींची भेट घेतली. महाविद्यालये वा संस्था यांच्यातील सामने समजू शकतात, परंतु हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी, अशा आशयाचे निवेदन गांधींनी केले. जिमखान्याच्या सभासदांनी निसटत्या बहुमताने माघारीचा निर्णय घेतला आणि त्या वर्षीची स्पर्धा हिंदू संघावाचून झाली. पुढील वर्षी मात्र संघ परतला.

विरोधकांची खरी अडचण येथेच होती. स्पर्धेला प्रेक्षक होते, उत्पन्न होते आणि उत्कृष्ट खेळही होता. १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांना विजय हजारे यांनी ‘शेष’ संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा काढून उत्तर दिले. १९४४ मध्ये मुस्लिम संघाने हिंदूंवर एका गड्याने विजय मिळविला. बॉबी तल्यारखान यांच्या आकाशवाणीवरील धावत्या समालोचनाने मैदानापासून दूर असलेल्यांनाही या चुरशीचे श्रोते बनविले होते. स्पर्धेचा निषेध करणारी लेखणीही सामन्याचा वृत्तान्त टाळू शकत नव्हती. कारण वाचकाला तो हवा होता. तत्त्व अग्रलेखात आणि उत्साह क्रीडापृष्ठावर, अशी ही विभागणी होती. अखेर १९४५-४६ च्या हंगामानंतर स्पर्धा बंद झाली. अर्थात, एवढे यश केवळ वृत्तपत्रीय टीकेच्या पदरात टाकणे योग्य ठरणार नाही. फाळणीपूर्व काळातील ताण हे त्यामागील प्रबळ कारण होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मुंबईतील क्रीडाविषयक मतप्रदर्शन निष्पक्ष नव्हते आणि तसे असणे शक्यही नव्हते. त्याचे मोल त्याने कोणते प्रश्न विचारले यावरून ठरते. पहिल्या टप्प्यात त्याने पंक्तिभेदाला जाहीर आव्हान दिले आणि एका वंचित कुटुंबाला स्वतःचा आवाज छापून आणण्याची संधी मिळाली. दुसऱ्या टप्प्यात त्याने जमातवार चौकटीवर बोट ठेवले. परंतु ज्या खेळावर तो बोट ठेवत होता, त्याच्याच लोकप्रियतेवर तो जगतही होता. चौकटीच्या आतील अन्याय दिसणे तुलनेने सोपे असते. चौकट दिसण्यास मात्र तीन दशके लागली. क्रीडापत्रकारितेच्या इतिहासाचा अभ्यास करताना ही तफावत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.