गाडी गेली, बाकी राहिली: कर्डे, सुपे आणि आमचा पिकअप

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय.

मी राहूचा. भीमा आणि मुळा-मुठेच्या मधलं आमचं बेट. ऊस, गुऱ्हाळं आणि हप्त्यावरच्या गाड्या. चुलतभावाचे चार हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी पिकअप ओढून नेला. वाईट वाटलं, पण मनात एक होतं की चला, कर्जातून तरी सुटलो. तीन महिन्यांनी नोटीस आली. गाडी लिलावात गेली, तरी दोन लाखांवर बाकी. काकू म्हणाली, "गाडी त्यांच्याकडं, मग पैसे कसले?"

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातलं कर्डे. दीडशे रुपयांच्या कर्जापायी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे, की लोकांना पाहिजे होते कागद. रोखे आणि हिशेबाच्या वह्या. जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले, तिथे बहुतेकदा त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद जाळायचे आणि घरी जायचं.

कागदावरच राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर तीन वर्षांतच दावा लावता येत होता. कायदा ऋणकोच्या भल्यासाठी होता. झालं उलटं. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि जुनी बाकी अधिक व्याज हे नवं मुद्दल व्हायचं. बैल विकला, पीक दिलं, तरी रोखा मोठाच होत जायचा. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तो अंगठा उठवायचा.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार अगदी पहिल्यापासून तपासायला सांगितलं. पैसे दिले की पावती आणि वर्षाचा हिशेब मागायचा हक्क दिला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. सावकारी काही त्याने संपली नाही, ते सोडा.

आता पिकअपकडे येतो. काकूच्या प्रश्नाचं कडू उत्तर असं, की बाकी खरंच उरते. गाडी हे फक्त तारण, कर्ज आपल्या नावावर. पण ती बाकी कशी काढली, हे विचारता येतं. गाडी ताब्यात घेण्याआधीची नोटीस आणि विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी यांच्या अटी करारात असल्या पाहिजेत, असं रिझर्व्ह बँक फायनान्स कंपन्यांना सांगते. म्हणून आम्ही लेखी अर्ज केला: गाडी कितीला गेली, कधी गेली, व्याज किती, दंड किती, पार्किंगचं भाडं कुठून आलं?

उत्तर यायच्या आधी वसुलीवाला आला. गोड बोलला. "दादा, नुसतं बाकी मान्य आहे एवढं लिहून सही करा, हप्ते बारीक करून देतो." भावाने पेन हातात घेतलंसुद्धा. मला कर्डे-सुपे आठवलं. आजही अशा दाव्याला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते, आणि मुदतीच्या आत लेखी कबुली दिली की ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. शिवाय आकडाही आपणच कबूल केलेला.

पैसे बुडवायचा आमचा विचार नाही. जेवढे निघतील तेवढे द्यायचे, गूळ विकून का होईना. पण आधी हिशेब येऊ दे. तो कागद सध्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे, बिनसहीचा.