शाबान : उपवासाच्या आधीचा महिना

उपवास म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. एकादशीला दुप्पट खाणारा आणि निर्जळी करणारा असे दोघेही आपल्या आळीत नांदत असतात, आणि त्या दोघांतला फरक पोरासोरांनाही ठाऊक असतो. म्हणून मुसलमान बांधवांच्या रमजानबद्दल बोलताना रोजा कसा धरतात नि कसा सोडतात, हे सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. माझा विषय त्याच्या आधीचा आहे. हिजरी वर्षातला रमजान हा नववा महिना. त्याच्या आधीचा आठवा तो शाबान. रमजानसाठी मनाची आणि व्यवहाराची तयारी करण्याचा महिना म्हणून शाबानकडे शतकानुशतके पाहिले गेले आहे. ही तयारी कोणी करायची, कशाची करायची, आणि ती झाली नाही तर भार कोणाच्या पाठीवर पडतो, एवढेच मला इतिहासातून पाहायचे आहे. मी शाळेपेक्षा खात्यात अधिक शिकलेला माणूस. यंत्रमाग कामगारांची संघटना बांधताना ज्यांच्या पंगतीला बसायचे त्यांचे चार ग्रंथ वाचावेत, म्हणून भाषांतरांतून जे हाती लागले त्यावर हे बोलणे उभे आहे.

रमजानच्या रोजांची आज्ञा मदिनेत हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ च्या सुमारास, शाबान महिन्यातच आली असे परंपरा सांगते. प्रारंभीचा नियम आजच्यापेक्षा कठोर होता. सूर्यास्तानंतर जेवायचे खरे. परंतु जेवण्याआधी डोळा लागला, तर ती रात्र आणि दुसरा अख्खा दिवस उपाशी राहायचे. कैस बिन सिरमा नावाचा मदिनेचा एक कष्टकरी होता. त्याची गोष्ट बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. दिवसभर रोजा धरून अंगमेहनत करून तो घरी आला आणि काही खायला आहे का, असे त्याने बायकोला विचारले. घरात काही नव्हते. ती कुठे मिळते का पाहायला बाहेर गेली. ती परत येते तो हा झोपी गेलेला! दुसऱ्या दिवशी तो तसाच उपाशीपोटी राहिला आणि दुपारी बेशुद्ध पडला. ही हकीकत पैगंबरांच्या कानी गेली, आणि त्यानंतर कुराणातली ती आयत उतरली की, पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खाण्यापिण्यास मोकळीक आहे.

आज पहाटे मोहल्ल्यामोहल्ल्यांतून सहरीसाठी उठवणारे फिरतात, त्या सहरीच्या मुळाशी एका मजुराची भोवळ आहे. रोजा धरणाऱ्याचे हातपाय कामाला जुंपलेले असतात, याची नोंद या धर्माच्या पहिल्या काही वर्षांतच झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. (धाग्याची उपमा ऐकून एका साध्या माणसाने खरोखरच उशीखाली दोन दोरे ठेवले होते, त्याला समजवावे लागले की, अरे, हा रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. ही गोष्ट सांगितली की आमचे मागवाले खूष होतात.)

आता शाबान. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांची साक्ष आहे की, रमजान सोडला तर पैगंबर सर्वांत जास्त रोजे शाबानात धरीत. आयेशा स्वतःचे मागील रमजानातले राहिलेले रोजे शाबानात पुरे करीत. म्हणजे हा महिना सरावाचा, तसाच थकबाकी फेडण्याचा. नवे देणे अंगावर येण्याआधी जुने चुकते करावे, हा त्यातला साधा हिशेब. मात्र रमजानला एक-दोन दिवस उरले असता, ज्याला एरवीचा नेम नाही त्याने मुद्दाम रोजा धरू नये, असेही सांगितलेले आहे. उत्साहाच्या भरात वेस आपल्या मनाने पुढे सरकवायची नाही.

शाबानच्या मध्यावरची रात्र ती शब-ए-बरात. त्या रात्रीच्या चालीरीतींबद्दल खुद्द मुसलमान विद्वानांत मतभेद आहेत. हलवा करावा की नाही, दिवे लावावेत की नाही, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. त्यात मी पडत नाही. परंतु त्या रात्रीसंबंधी एक जुनी हदीस सांगितली जाते, ती अशी की, ईश्वर त्या रात्री बहुतेक सर्वांना क्षमा करतो, पण मनात वैर धरून बसलेल्याला मात्र नाही. म्हणून आपल्या देशात अनेक घरी त्या सुमारास एकमेकांची माफी मागतात, रुसलेल्या भावाकडे जातात, कबरस्तानात जाऊन गेलेल्यांसाठी दुवा मागतात. रमजानच्या दारात शिरायचे ते भांडणे बाहेर ठेवून.

मनाच्या या तयारीचे शास्त्र ज्याने सर्वांत खोल जाऊन मांडले तो इमाम गझाली. जन्म १०५८, इराणातल्या तूस या गावी. त्याचे वडील लोकर कातीत असत असे परंपरा सांगते, त्यामुळे आम्हा कापडवाल्यांना तो थोडा आपला वाटतो. बगदादच्या निझामिया विद्यापीठातली मानाची जागा १०९५ साली सोडून तो बाहेर पडला. त्यानंतरच्या वर्षांत सिद्ध झालेल्या त्याच्या ‘इह्या उलूम अल्-दीन’ या ग्रंथात रोजाच्या रहस्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात त्याने रोजाच्या तीन पायऱ्या केल्या. पहिली सामान्यांची : अन्नपाणी वर्ज्य. दुसरी विशेष लोकांची : डोळा, जीभ, कान, हात, पाय यांचाही रोजा, चहाडी नाही, खोटे नाही, नको ते पाहणे नाही. तिसरी फार थोड्यांची : अंतःकरणच ईश्वरावाचून इतर सर्वांपासून उपाशी. गझालीचा खरा तडाखा बसतो तो पोटभरूंना. दिवसाचे राहिलेले जेवण रात्रीच्या जेवणात घालून जो दुप्पट चापतो, त्याच्या रोजाने काय साधले, असे तो विचारतो. आपल्याकडच्या एकादशीला हा प्रश्न जसाच्या तसा लागू आहे, हे सांगायला नकोच.

गझाली थोर खरा, पण त्याच्या पायऱ्या चढणारा माणूस एकटा आहे. आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांचे काय करायचे, हे तिथे मुख्य नाही. त्यासाठी दुसरीकडे वळावे लागते.

शाबानच्या अखेरच्या दिवशी पैगंबरांनी एक प्रवचन केले, असे सलमान फारसी यांच्या नावाने सांगितले जाते. तुमच्यावर एका मोठ्या महिन्याची छाया पडली आहे, अशी त्याची सुरुवात. हा धीराचा महिना, परस्परांची दुःखे वाटून घेण्याचा महिना, रोजेदाराला घोटभर दूध वा एक खजूर देऊन रोजा सोडवला तरी पुण्य, असे सांगत सांगत ते एका वाक्याशी येते : या महिन्यात जो आपल्या गुलामाचे काम हलके करील त्याला ईश्वर क्षमा करील. दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या इब्न खुझैमाने हे प्रवचन नोंदवताना ‘वृत्त खरे असेल तर’ अशी शंका जोडून ठेवली, आणि त्याची साखळी कच्ची आहे असे पुढच्या जाणकारांनीही म्हटले. प्रामाणिकपणा म्हणून हे सांगितले पाहिजे. तरीही रमजानच्या तोंडावर हे शब्द वाचले जात राहिले, आणि ऐकणाऱ्या समाजाला मालकाकडून काय अपेक्षित होते ते त्यांतून दिसते. शिवाय ते कोणाच्या तोंडी आहेत पाहा! सलमान स्वतः गुलाम होते. तीनशे खजुरीची रोपे आणि ठरलेले सोने देऊन त्यांनी आपली सुटका विकत घेतली, आणि ती रोपे मदिनेतल्या सोबत्यांनी कोणी तीस, कोणी वीस, कोणी दहा अशी आपापल्या ऐपतीप्रमाणे गोळा करून दिली. वर्गणी काढून सोडवलेला हा माणूस.

चांगल्या मालकाने काम हलके केले तर ठीक. न केले तर? हा प्रश्न प्रवचनात सुटत नाही, तो कायद्यात सुटतो. हनफी पंथाच्या कायदेपंडितांनी त्याचा खल केला आहे, आणि हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी असल्याने तो आपल्याशी थेट संबंधित आहे. दमास्कसचा हसकफी (मृत्यू १६७७) भट्टीवाल्याचे उदाहरण घेतो. रमजानात रोजा मोडावा लागेल इतके काम त्याने करू नये. अर्धा दिवस भाकरी भाजाव्यात, उरलेला अर्धा विश्रांती घ्यावी. एवढ्यात माझे भागत नाही, असे तो म्हणू लागला तर त्याला हिवाळ्यातले आखूड दिवस दाखवावेत. तेव्हा कसे भागते? युक्तिवाद मोठा हुशार आहे, पण ज्याने भट्टी पाहिली नाही त्याचा आहे, असे मला पहिल्या वाचनात वाटले.

याच ग्रंथावर दमास्कसच्याच इब्न आबिदीनने (१७८४–१८३६) भाष्य लिहिले. आपल्याकडच्या मदरशांत ते ‘शामी’ या नावाने ओळखले जाते. हा माणूस भट्टीपाशी थांबतो. ज्याच्या घरी बायकामुलांपुरते आहे त्याने जिवावर बेतणारे काम करू नये, हे त्याला मान्य आहे. पण ज्याच्याकडे तेवढे नाही? पोटापुरते काम करण्याची त्याला मुभा आहे, मग त्यात रोजा सुटला तरी. पीक हातचे जाईल अशी भीती आहे आणि नेहमीच्या मजुरीला दुसरा माणूस मिळत नाही, अशा शेतकऱ्याचाही तो विचार करतो. आणि मग तो गोष्ट काढतो ठराविक मुदतीच्या कराराने बांधलेल्या मजुराची. मुदत चालू असताना रमजान आला आणि मालक करार सोडायला राजी नाही, तर त्या मजुराच्या घरी खायला असले तरी त्याला रोजा सोडण्याची मोकळीक असावी असे दिसते, पगारी दूधआईला असते तशी. ‘असे दिसते’ हा त्याचाच सावध शब्द आहे. मला त्या सावधपणात मोठे धैर्य दिसते. मालकाची अडवणूक त्याने अडवणूक म्हणून ओळखली, आणि तिचे पाप मजुराच्या माथी मारले नाही.

व्यवहाराची ही बाजू बाजूला ठेवून सणाची बाजूही एकदा पाहू. चौदाव्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने इजिप्तमधल्या अबयार गावी शाबानच्या एकोणतिसाव्या दिवसाचा सोहळा पाहिला. दुपारच्या नमाजानंतर गावचे विद्वान आणि प्रतिष्ठित काजीच्या घरी जमत. सर्व आले की काजी घोड्यावर बसून निघे, त्याच्यामागे मंडळी, आणि मागोमाग गावातले पुरुष, बायका, मुले, गुलाम. गावाबाहेरच्या उंचवट्यावर गालिचे अंथरलेले असत. तिथून चंद्र पाहायचा आणि मशाली, मेणबत्त्या, कंदील घेऊन परतायचे. दुकानदार आपापल्या दुकानांत दिवे लावीत. उपवासाकडे असे वाजतगाजत जाणारे गाव डोळ्यांपुढे आणावे. त्या मिरवणुकीत गुलामही चालत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे काम हलके झाले की नाही हे बतूताने लिहिलेले नाही.

विसाव्या शतकात प्रश्न उलटा झाला. ट्युनिशिया १९५६ साली स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गीबा हे सुधारक गृहस्थ. त्यांनी त्याच वर्षी कायद्याने बहुपत्नीकत्व बंद केले. १९६० च्या फेब्रुवारीत, रमजान तोंडावर असताना, त्यांनी लोकांना सांगितले की, दारिद्र्य आणि मागासलेपण यांच्याशी आपले युद्ध चालू आहे, आणि युद्धात रोजा सोडता येतो. इ. स. ६३० मध्ये मक्केवरच्या मोहिमेत पैगंबरांनी सैन्याला रोजा सोडायला सांगितला होता, हा त्यांचा दाखला. दाखला खोटा नव्हता, आणि देशाची गरिबीही खोटी नव्हती. पण धर्मपंडितांनी कामाच्या नावाखाली सरसकट सवलतीला रुकार दिला नाही. मुफ्ती मुहम्मद अब्दुल अझीझ जईत यांचे पद त्याच वर्षी गेले, आणि सामान्य लोक बहुतांशी रोजे धरीतच राहिले. बुर्गीबांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु सलमानच्या नावाचे ते प्रवचन शाबानच्या अखेरीस मालकाकडे वळून बोलते. बुर्गीबा त्याच मुहूर्तावर कामगाराकडे वळून बोलले. उत्पादन ठरलेले, तास ठरलेले. हलका करायचा तो रोजा. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी कामगार संघटनेचा पुढारी फरहात हशाद १९५२ साली मारला गेला, तिथल्या कामगाराला आधी विचारायला हवे होते.

आता आपल्याकडचे. मालेगाव, भिवंडी इथे मागावर बसणाऱ्यांत मोमीन विणकरांची संख्या मोठी. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून आले. पाळी बारा तासांची. हिजरी वर्षाला आपल्यासारखा अधिक मास नाही; इ. स. ६३२ च्या सुमारास तो कायमचा बंद झाला. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरतो. मे-जूनमधला रोजा आमच्या भागात चौदा तासांवर जातो, डिसेंबरातला बारा-साडेबारा तासांचा. पत्र्याच्या छपराखाली, मागांच्या खडखडाटात, पाण्याचा घोट नसताना या दोन तासांचे मोल काय असते, ते उभे राहिल्यावाचून कळत नाही.

शब-ए-बरात झाली की आम्ही मालकांना एक पत्र देतो. मागण्या लहान असतात : पाळीची बदली मगरिबच्या वेळेशी जुळवा, रोजा सोडायला वीस मिनिटे माग बंद ठेवा आणि त्याचे पैसे कापू नका, उचलीचा हिशेब महिना सुरू होण्याआधी कामगाराच्या हाती द्या. मालक पुष्कळ ठिकाणी स्वतः रोजेदारच असतात. काही जण पत्र वाचण्याआधीच होकार देतात. एकाने सबंध मोहल्ल्याला इफ्तार घातला, आणि वीस मिनिटांचे पैसे मात्र कापले. अशांकडे जाताना मी आता ‘शामी’तले करारवाल्या मजुराचे कलम उर्दूत उतरवून घेऊन जातो. सध्या रमजान हिवाळ्याकडे सरकत चालला आहे. दिवस आखूड, रोजा सोपा, मग सवलत कशाला, असे म्हणणारे आतापासून भेटू लागले आहेत. त्यांच्यासाठी हसकफीचा भट्टीवाला कामी येतो : आखूड दिवसात जेवढ्या कामावर तुमचे भागते, तेवढेच काम रमजानात घ्या.