फॅमिली एसयूव्ही घेताना: किंमत आणि व्हेरियंटचा हिशेब कसा लावायचा

घरात सहा माणसं. अम्मी-अब्बा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. ईदला, लग्नाला किंवा कुणाच्या मय्यतीला गावी म्हसळ्याला जायचं म्हटलं की दर वेळी भाड्याची गाडी शोधायची, नाहीतर अर्ध्यांनी एसटीने जायचं. म्हणून या वर्षी ठरवलं, आपली गाडी घ्यायची. पैसे साठवलेले होते. पण अब्बांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि मुलीची पुढची फी, हेही त्याच पैशांतून निघायचं होतं. त्यामुळे शोरूममध्ये "अजून फक्त दीड लाख टाका, वरचं मॉडेल मिळेल" हे वाक्य ऐकताना आम्हाला आधी गुडघा आठवायचा.

कॉटन ग्रीन, काळाचौकी, शिवडी या भागातल्या अनेक घरांची गोष्ट थोडीफार अशीच असेल. आम्ही फिरून, कागद जमवून जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. दर बदलत राहतात, म्हणून आकड्यांपेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवा.

आधी माणसं मोजा, मग जागा

पहिला प्रश्न असा: रोज किती माणसं बसणार आणि वर्षातून किती वेळा सगळे एकत्र जाणार? रोज दोघं-तिघं आणि वर्षातून दोनदा सहा जण असतील, तर पाच सीटची गाडी घेऊन त्या दोन वेळा भाड्याची मोठी गाडी करणं स्वस्त पडतं. महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्यांनी गावी जायचं असेल तरच तिसऱ्या रांगेचा खर्च वसूल होतो.

तिसरी रांग बघायला घरातली सगळी माणसं घेऊन जा. आमच्या अब्बांना काही गाड्यांत मधल्या सीटवर चढतानाच त्रास झाला. मागे जाणं तर दूरच. मुलं मागे बसतील, पण तिथे त्यांना नीट पट्टा आहे का, एसीची हवा पोचते का, ते बघा. काही सात सीटच्या गाड्यांत मागची सीट समोरासमोर बाकड्यासारखी असते. घाटात मुलांना तिथे बसवायला आमचं मन झालं नाही. आणखी एक: काही मॉडेलच्या महागड्या व्हेरियंटमध्ये मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या येतात आणि सातच्या सहा सीट होतात. जास्त पैसे देऊन एक जागा कमी!

मग टेप घेऊन गाडी जिथे लावणार ती जागा मोजा. नेक्सॉन आणि ब्रेझा ३,९९५ मिलिमीटर लांब, एर्टिगा ४,४३५, तर स्कॉर्पिओ-एन ४,६६२. कागदावर फरक दोन फुटांचा, पण चाळीच्या गल्लीत वळताना तो पुरेपूर जाणवतो. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगचा पुरावा असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, अशी भूमिका मांडली होती. म्हणून बुकिंगआधी त्याबद्दलचा सध्याचा नियम विचारून घ्या. आपल्या भागाची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत, एमएच-०१ मध्ये होते.

चार मीटरची रेघ

गाडीच्या किमतीत मोठा वाटा जीएसटीचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे सरळ दोन गट झाले. गाडी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल किंवा सीएनजीचं १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १,५०० सीसीपर्यंत असेल, तर १८ टक्के. यापेक्षा मोठी असेल तर ४० टक्के. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ५ टक्के.

दोन्ही अटी एकदम लागतात, हे विसरू नका. नेक्सॉन पेट्रोल चार मीटरच्या आत आणि इंजिन १,१९९ सीसी, म्हणून १८ टक्क्यांत. ब्रेझा तेवढीच लांब, पण पेट्रोल इंजिन १,४६२ सीसी, म्हणून ४० टक्क्यांत. हा कर एक्स-शोरूम किमतीत आधीच धरलेला असतो, वेगळा द्यायचा नसतो. पण दोन गाड्यांच्या किमतीत एवढं अंतर का, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

व्हेरियंटची अक्षरं

प्रत्येक कंपनीची पायऱ्यांची नावं वेगळी. मारुतीची एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. टाटा नेक्सॉनची स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस. स्कॉर्पिओ-एनची झेड २ पासून झेड ८ पर्यंत. एका कंपनीचं मधलं व्हेरियंट दुसऱ्या कंपनीच्या मधल्यासारखंच असेल असं नाही. म्हणून नावं बाजूला ठेवून वहीत दोन याद्या करा.

पहिली यादी, जे नंतर बसवता येत नाही त्याची: सहा एअरबॅग, गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा, मधल्या प्रवाशालाही तीन ठिकाणी अडकणारा पट्टा, लहान मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स, मागच्या रांगेला एसी. कोकणातल्या पावसासाठी मागच्या काचेचा वायपर आणि डिफॉगरही यात धरा.

दुसरी यादी, जे नंतर बाहेरून बसवता येतं किंवा नसलं तरी चालतं त्याची: मोठा स्क्रीन, अलॉय व्हील, सीट कव्हर, रंगीत दिवे, सनरूफ. यातली विजेची कामं करताना कंपनीची वायरिंग कापू देऊ नका, वॉरंटीवर पाणी पडतं.

पहिली यादी पूर्ण होते ते सगळ्यात खालचं व्हेरियंट म्हणजे तुमचं व्हेरियंट. त्याच्या वरचे पैसे हौसेचे. हौस करू नये असं नाही, पण ती हौस आहे हे घरात सगळ्यांना माहीत असावं.

सुरक्षेचे स्टारही बघा. भारत एनकॅप ही आपल्या देशातली चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. निकाल वाचताना चाचणी कोणत्या व्हेरियंटची झाली आणि मुलांच्या सुरक्षेला किती स्टार मिळाले, हे वेगळं पाहा.

शोरूमची किंमत आणि रस्त्यावरची किंमत

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. त्यावर राज्याचा एकरकमी कर लागतो. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. सीएनजीला हा कर ७ ते ९ टक्के होता, २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात तो एका टक्क्याने वाढवला गेला.

टप्पा ओलांडला की वाढीव टक्का पूर्ण किमतीवर लागतो. उदाहरण घ्या. एक पेट्रोल व्हेरियंट ९ लाख ९५ हजारांचं, कर १ लाख ९ हजार ४५०. त्याच्या वरचं १० लाख ५ हजारांचं, कर १ लाख २० हजार ६००. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे १० हजार ५०. दहा हजारांच्या फरकाचं व्हेरियंट हातात पडताना ३१ हजार २०० रुपयांनी महाग पडलं. टीसीएसचे पैसे आयकर विवरणपत्र भरून वळते करून घेता येतात. ती पावती जपून ठेवा. बाकीचे गेले ते गेले.

डिझेलचंही असंच. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीला कर १ लाख ४४ हजार, तेवढ्याच किमतीच्या डिझेलला १ लाख ६८ हजार. महिन्यातून एकदाच गावी जाणाऱ्याने हे २४ हजार डिझेलच्या बचतीतून कधी फिटतील, ते मांडून बघावं.

कोटेशनच्या ओळी वाचा

विमा: नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीला १०,६४० रुपये आणि त्यावरच्या इंजिनाला २४,५९६ रुपये होते, यावरून इंजिनाचा फरक कळावा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, आणि तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. दोन ठिकाणचे दर आणा. आम्हाला एका शोरूमने दिलेला दर बाहेरच्या दरापेक्षा बराच जास्त होता. बाहेरचा कागद दाखवल्यावर लगेच खाली आला.

हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक चार्ज: ही ओळ दिसली की सरकारी पावती मिळणार का, ते विचारा. मिळणार नसेल तर ती ओळ काढायला सांगा.

ॲक्सेसरी पॅकेज: मॅट, कव्हर, पॉलिश. "गाडी लवकर हवी तर घ्यावंच लागेल" असं आम्हालाही सांगितलं गेलं. आम्ही उठून दुसऱ्या शोरूममध्ये गेलो.

उत्पादनाचा महिना: मोठी सूट असली तर गाडी गेल्या वर्षी बनलेली असू शकते. पूर्ण पैसे भरण्याआधी चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना लेखी घ्या.

तीन शोरूमचं कोटेशन एकाच गाडीच्या, एकाच व्हेरियंटचं, एकाच रंगाचं मागा. तरच तुलना होते.

रोख की हप्ता

आपल्यातली अनेक घरं व्याजाचं कर्ज टाळतात. बिनव्याजी इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचं २०१७ मध्ये समोर आलं, त्यामुळे बँकेतून तो मार्ग नाही. मग उरतं ते साठवून घेणं, घरातल्यांकडून उसने घेणं किंवा खालच्या व्हेरियंटवर थांबणं. "शून्य टक्के" योजना दिसली तर रोखीने घेतल्यास किती सूट मिळेल, ते आधी विचारा. ती सूट सोडावी लागत असेल, तर तेच व्याज समजा.

कर्ज घेणाऱ्यांनीही वरच्या व्हेरियंटची खरी किंमत काढावी. जादा ३ लाख ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४,८२७ रुपये येतो आणि एकूण सुमारे ४ लाख ५ हजार फेडावे लागतात. सनरूफ तीन लाखांचा राहत नाही.

आम्ही काय केलं

गल्लीचं माप, सहा माणसं आणि पहिली यादी, या तिन्हींत बसेल अशी सात सीटची गाडी घेतली, खालून दुसरं व्हेरियंट. मुलगा सनरूफसाठी दोन दिवस रुसला. आता शिवडीहून अटल सेतू चढलो की खिडकीतून समुद्र दिसतो, तेवढ्यावर तो खूश आहे. सेतूचा एका बाजूचा टोल २५० रुपये, तोही गावच्या खर्चात धरा.

माणगाव सोडून घाट लागला की अब्बा पुढच्या सीटवर पाय लांब करून बसतात. ऑपरेशनचे पैसे बँकेत तसेच आहेत.