दुवा

राजुऱ्याच्या आमच्या घरी लोखंडी कपाटात एक अल्बम असे. काळ्या जाड कागदाची पानं, त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवलेले फोटो आणि दोन पानांच्या मधे पातळ, सुरकुतलेला कागद. कपाटाची किल्ली अम्मीच्या कमरेला. पाहुणी आली, चहा झाला की अम्मी अल्बम काढी. पण कुणाच्या हाती देत नसे. आपल्या मांडीवर ठेवून ती पानं उलटायची, शेजारी बसलेलीनं पाहायचं. एक पान मात्र ती दोन बोटांत धरून झटकन उलटी. त्यावर माझ्या खालाचा लग्नाआधीचा फोटो होता. चंद्रपूरच्या स्टुडिओत काढलेला. दोन वेण्या पुढे, डोक्यावर ओढणी नाही. तो घरच्यांपुरता. कुणी काय पाहावं याचा सगळा कायदा अम्मीच्या त्या दोन बोटांत होता.

२०११ साली आपाच्या मुलीचं लग्न झालं. आपाचा मुलगा, माझा भाचा, तेव्हा हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. लग्नाचे फोटो त्यानं पिकासावर चढवले. हौसेनं जुना अल्बमही स्कॅन करून त्यात घातला आणि सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवली.

आजच्या मुलांना पिकासा सांगावं लागतं. गूगलनं ही कंपनी २००४ मध्ये विकत घेतली आणि २००६ मध्ये तिचे वेब अल्बम सुरू केले. त्याआधी फोटो पाठवायचे म्हणजे ई-मेलला जोडायचे. आठ-दहा जोडले की मेल अडकलाच. आता अल्बम एकाच जागी राहू लागला, पाठवायचा तो फक्त त्याचा पत्ता. अल्बम सर्वांसाठी उघडा ठेवायचा, लिंक असलेल्यांसाठी ठेवायचा, की नेमून दिलेल्या माणसांपुरता, हे मालकानं ठरवायचं. भाच्यानं मधला मार्ग धरला. वरवर पाहता तो शहाणपणाचाच. त्या पत्त्यात अक्षरांचा आणि आकड्यांचा असा गुंता असतो की तो कुणाला अंदाजानं सापडत नाही. पण अंदाज करायची गरज कुणाला होती? लिंक ही अशी किल्ली, की दुसऱ्याला दिली तरी आपल्याजवळ राहते, आणि घेणारा ती आणखी पन्नास जणांना देतो. किल्ली कुणाकडे आहे, हे कुलूप विचारत नाही.

तीन आठवड्यांनी बल्लारपूरच्या बाजारात एका अनोळखी माणसानं खालूंना हसत सांगितलं, भाभींचा तरुणपणीचा फोटो फार छान आहे. खालू काही बोलले नाहीत. घरी येऊन खालाला सांगितलं. साठी ओलांडलेली बाई दोन दिवस जेवली नाही. भाच्यानं त्याच संध्याकाळी लिंक बंद केली. पण दार बंद केल्यानं आधीच उतरवून घेतलेल्या प्रती परत येत नाहीत.

मराठीत लिंकला दुवा म्हणतात. आमच्या घरात दुवा म्हणजे आशीर्वाद, वडीलधाऱ्यांकडे मागायचा. मराठीही दुवा देतेच. कवी असल्यानं हे सुचतं. त्या दिवशी मात्र सुचलं नव्हतं.

न विचारता चेहरा दूरवर पोहोचण्याची ही गोष्ट कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात गोंड आणि कोलामांमध्ये काम करत होते. महायुद्ध चालू असल्यानं इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रूपक्षाचे नागरिक, त्यामुळे हैदराबाद संस्थानात अडकलेले. आमचं राजुरा तेव्हा आदिलाबादेतच होतं. चांदा जिल्ह्यात ते आलं १९५९ मध्ये. हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्यांचे फोटो लंडनच्या 'सोआस' या संस्थेत आहेत आणि आता कुणालाही इंटरनेटवर पाहता येतात. मी पाहिलेल्या बऱ्याच फोटोंखाली जमात आहे, गाव आहे. माणसाचं नाव नाही.

तरी त्यांना नावं ठेवायला माझं मन होत नाही. ओळखीच्या एका गोंड शिक्षकांना मी ते फोटो दाखवले. तासभर ते एकेक चेहरा पाहत राहिले. आजोबांचा एकही फोटो त्यांच्या घरात नाही. एका म्हाताऱ्यापाशी थांबून म्हणाले, "आमचे आजोबा असेच बसायचे, असं आई सांगायची." त्या परक्या माणसानं कॅमेरा आणला नसता तर हा तासही मिळाला नसता. पण या फोटोंना ऐंशी वर्षं होत आली, आणि नातवाला ते योगायोगानं दिसले.

मध्यंतरी व्हॉट्सॲपवर मला एक लिंक आली. शहरातून भामरागड पाहायला गेलेल्या मंडळींचा अल्बम. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम यांचा संगम, जंगल, जेवणाची पंगत. आणि आठवडी बाजारातल्या माडिया बाया, गोंदलेले चेहरे अगदी जवळून. सहलीच्या फोटोंखाली प्रत्येकाचं नाव हौसेनं लिहिलेलं. बायांच्या फोटोखाली नुसतं 'आदिवासी'. मी पाठवणाऱ्याला विचारलं, यांना फोटो दाखवले का? तो म्हणाला, "अहो, त्यांच्याकडे फोन कुठे असतो?" इतकं निरागस उत्तर, की पुढं बोलणंच खुंटलं.

पिकासा २०१६ मध्ये बंद झालं. अल्बम नाहीसा झाला असेल असं आम्ही धरून चाललो होतो, पण तो गूगल फोटोजमध्ये सुखरूप होता. मागच्या ईदला खाला आमच्याकडे आली होती. भाचाही होता. गप्पांत तो विषय निघाला, सगळे एकदम गप्प झाले. खालाच म्हणाली, "सबने देखे, मैंच नै देखी."

खरंच होतं. भांडण झालं, लिंक बंद झाली. तिला तो फोटो दाखवावा हे कुणाला सुचलंच नव्हतं, मलासुद्धा. भाच्यानं फोन तिच्या हातात दिला. दोन बोटं काचेवर ठेवून कशी पसरायची ते दाखवलं. तिनं स्वतःचा चेहरा मोठा केला, वेण्या पाहिल्या, आणि विचारलं, हा कागदावर काढून मिळेल का? दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरहून काढून आणला. तिनं तो कुणाला न दाखवता पिशवीत ठेवला.