सेंट क्रॉय नदीवरील कनू-कयाक प्रवेशस्थळे

सेंट क्रॉय ही अमेरिकेतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांची बऱ्याच अंतरापर्यंत सीमा असलेली नदी आहे. सुमारे २७० किलोमीटर वाहून ती प्रेस्कॉट येथे मिसिसिपी नदीस मिळते. १९६८च्या कायद्याने संरक्षण मिळालेल्या पहिल्या आठ नद्यांमध्ये तिचा समावेश होता. तिच्या काठी कनू व कयाक पाण्यात उतरवण्यासाठी सार्वजनिक प्रवेशस्थळे आहेत.

स्वरूप

प्रवेशस्थळ म्हणजे वाहनतळ आणि पाण्यापर्यंत जाणारा उतार, एवढीच बहुधा त्याची रचना असते. काही ठिकाणी मोटरबोटींसाठी काँक्रीटचा उतार असतो. इतरत्र वाळूचा किंवा खड्यांचा काठच वापरला जातो. मिनेसोटाच्या नकाशांत नदीवरील अंतरे मुखापासून वरच्या दिशेने मैलांत मोजलेली असतात. 'डावा' व 'उजवा' काठ प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात.

सहलीचे नियोजन

वाहत्या पाण्यात परतीचा प्रवास कष्टाचा असल्याने उतरण्याआधी बाहेर पडण्याचे ठिकाण निश्चित करावे लागते. एक वाहन तेथे आधीच ठेवण्याची पद्धत आहे. टेलर्स फॉल्स ते ओसिओला हा १० ते ११ किलोमीटरचा टप्पा विशेष लोकप्रिय आहे. त्याच्या आरंभी नदी बेसॉल्टच्या उंच कड्यांमधून वाहते. या टप्प्याच्या वरच्या अंगास सेंट क्रॉय फॉल्स येथे जलविद्युत धरण असून खालील पाण्याची पातळी त्यामुळे बदलू शकते.

पाण्यात उतरणे

सामान भरणे, वल्ही काढणे व जीवरक्षक जॅकेट बांधणे ही कामे उतारापासून दूर उरकावीत, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. नाव काठाला समांतर व नाक प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला ठेवून पूर्णपणे तरंगू द्यावी. तिचे एक टोक जमिनीवर टेकलेले असताना आत बसल्यास ती सहज कलंडते. आत जाताना शरीर वाकवून, वजन मध्यभागी ठेवावे.

धोके

वसंतात हवा उबदार झाली तरी बर्फ वितळून आलेले पाणी अत्यंत थंड असते. सुमारे १५ अंश सेल्सिअसखालील पाण्यात अचानक पडल्यास श्वास अनावर होतो आणि चांगला पोहणाराही काही क्षणांत पाणी गिळू शकतो. म्हणून पोशाख हवेनुसार नव्हे, पाण्याच्या तापमानानुसार निवडावा. नावेत प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट असणे कायद्याने आवश्यक आहे. मात्र ते अंगात नसेल, तर अशा प्रसंगी त्याचा उपयोग होत नाही. पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांतून प्रवाह जातो, पण नाव अडकते. त्यामुळे त्यांच्यापासून दूर राहावे.

शिंपल्यांचे संरक्षण

या नदीत सुमारे ४० जातींचे स्थानिक गोड्या पाण्यातील शिंपले आढळतात. त्यांपैकी काही संकटग्रस्त आहेत. १९८०च्या दशकात युरोपीय जहाजांतून उत्तर अमेरिकेत आलेला झेब्रा शिंपला त्यांच्या कवचांना चिकटून त्यांची उपासमार घडवतो. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत व नावेत साचलेल्या पाण्यातूनही दुसऱ्या जलाशयात पोहोचतात. म्हणून पाण्याबाहेर येताच प्रवेशस्थळावरच नावेवरील वनस्पती व चिखल काढून टाकणे, आतील पाणी ओतणे आणि पुढील वापरापूर्वी नाव पूर्ण वाळवणे अपेक्षित असते.