टॉवर, वायफाय अन् लॅपटॉपचं रेडिएशन : भीती किती खरी, काळजी कुठं घ्यायची?

नालवाडी (वर्धा) : वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीसारख्या वाढत्या वस्तीत आता बऱ्याच घरांत वायफाय आहे, पोरांच्या मांडीवर लॅपटॉप अन् उशाखाली मोबाईल आहे. त्यासोबत एक प्रश्नही घरोघरी आला. या लहरींनी कॅन्सर होतो का? त्याचं सरळ उत्तर समजून घेतलं तर विनाकारण भीतीही राहत नाही अन् खऱ्या त्रासाकडे दुर्लक्षही होत नाही.

रेडिएशन दोन प्रकारचं

एक्स-रे अन् गॅमा किरणांत पेशीतली रचना तोडण्याची ताकद असते, त्यामुळे ती जपून वापरावी लागतात. मोबाईल, वायफाय, ब्लूटूथ यांच्या लहरी रेडिओच्या कुळातल्या आहेत. त्यांच्यात तेवढी ताकद नसते. प्रमाण जास्त झालं तर शरीर थोडं गरम होतं, हा त्यांचा सिद्ध झालेला परिणाम. सरकारने ठरवलेल्या मर्यादा मुख्यतः त्यावरच आधारलेल्या आहेत.

टॉवरपेक्षा हातातला मोबाईल जवळचा

शेकोटीपासून दूर सरकलं की धग कमी लागते, तसंच इथं आहे. अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर साधारण चौथाईवर येतो. टॉवर मोठा दिसतो, पण तो दूर असतो. कानाला लावलेला मोबाईल मात्र शरीराला चिकटलेला असतो. घरातल्या वायफायच्या डब्याची ताकद साधारण ०.१ वॅट असते अन् तो चार-पाच फुटांवर ठेवला तरी अंगापर्यंत फार थोडं पोचतं.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. रेंज कमी असली की मोबाईल जास्त जोर लावून लहरी सोडतो. म्हणजे वावरात एक काडी रेंजवर अर्धा तास बोलणाऱ्याला टॉवरजवळ बोलणाऱ्यापेक्षा स्वतःच्याच मोबाईलचं रेडिएशन जास्त मिळू शकतं.

विज्ञान काय सांगते

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना '२-ब' गटात टाकलं. याचा अर्थ 'कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा अपुरा'. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही पुढं याच गटात गेला. २०२४ मध्ये याच संघटनेसाठी झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल वापर अन् मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही.

कायदा अन् कोर्ट

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. मोबाईलसाठी मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. मोबाईलवर *#०७# डायल केलं की आपल्या हँडसेटचा आकडा दिसतो.

सांगली जिल्ह्यातल्या चिकुर्डे ग्रामपंचायतीने कॅन्सरच्या भीतीने टॉवरचं काम थांबवण्याचा ठराव घेतला होता. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण धोक्याचा शास्त्रीय पुरावा पुढं आला नव्हता. त्याआधी २०२१ मध्ये ५जीविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेलेल्या अभिनेत्री जुही चावला यांचा दावा फेटाळला गेला. २० लाखांचा दंडही बसला, तो पुढं २ लाखांवर आला.

शंका असेल तर ग्रामस्थांना मोर्चाआधी एक मार्ग आहे. मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जवळच्या टॉवरची माहिती पाहता येते अन् ४,००० रुपये शुल्क भरून मोजणीची मागणी करता येते. गावाने वर्गणी केली तर बोजा कोणा एकावर पडत नाही.

स्टिकर अन् चिपवर पैसे घालू नका

मोबाईलवर चिकटवायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकर बाजारात मिळतात. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली चिपही पुढं आणली होती. तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरावा मागितला. शेण वावरात सोन्यासारखं आहे, पण लहरी अडवण्याचं काम त्याच्याकडून होईल असं कोणी सिद्ध केलेलं नाही.

लॅपटॉपचा खरा त्रास

• गरमी : तासन् तास मांडीवर ठेवला तर कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात. पुरुषांच्या अंडकोषाचं तापमान वाढतं, हे तपासण्यांत दिसलं आहे. लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेवावा.

• झिणझिण्या : चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. लोक त्याला रेडिएशन समजतात. बहुतेक वेळा ती अर्थिंग नसल्यामुळे होणारी करंटची गळती असते. तीन पिनचा बोर्ड, अस्सल चार्जर वापरावा अन् वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावी. हलक्या चार्जरने अन् खराब वायरिंगने जिवावर बेतू शकते.

• डोळे अन् मान : दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहावं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला घ्यावा.

• झोप : रात्री मोबाईल उशाखाली नको. गादीखाली तापण्याचा धोका वेगळाच.

• पेसमेकर : बसवलेला असेल तर मोबाईल त्यापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा, त्या बाजूच्या छातीच्या खिशात नको.

दुखणं वायफायवर ढकलू नका

डोकं दुखणं, झोप न लागणं, थकवा हे त्रास खरे असतात. पण आंधळ्या चाचण्यांत, म्हणजे यंत्र चालू की बंद हे न सांगता घेतलेल्या तपासण्यांत, लोकांना लहरी ओळखता आल्या नाहीत. त्यामुळे राऊटर बंद करून थांबू नये. बीपी, रक्तातलं हिमोग्लोबिन अन् चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय अन् सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय नालवाडीपासून जवळ आहे. बोलताना स्पीकर किंवा इअरफोन वापरला अन् रेंज नसताना लांब बोलणं टाळलं, तर लहरींबाबत घरच्या घरी घेण्याजोगी बरीच काळजी त्यात येते.