एकट्याने ४२ किलोमीटर धावायचे तर घरच्यांनी काय करायचे?

बेळगाव : मॅरेथॉन म्हटली की छातीवर नंबर लावलेली गर्दी, बंद केलेले रस्ते आणि टाळ्या वाजवणारे लोक डोळ्यांसमोर येतात. पण तेवढेच अंतर स्पर्धेविना, आपल्याच गावच्या रस्त्यावर, एकट्याने धावणारेही आहेत. २०२० मध्ये कोरोनाने शर्यती बंद पाडल्या, तेव्हा ही पद्धत जगभर पोहोचली. बोस्टन मॅरेथॉनने त्या सप्टेंबरमध्ये धावपटूंना आपापल्या गावी सलग सहा तासांच्या आत अंतर पूर्ण करायला सांगितले. लंडनने ४ ऑक्टोबरला त्यासाठी एक पूर्ण दिवस दिला. त्याआधी मार्चमध्ये फ्रान्समधील एका तरुणाने सात मीटरच्या बाल्कनीत येरझाऱ्या घालत पूर्ण मॅरेथॉन केली होती.

स्पर्धेत ठराविक अंतरावर पाणी मिळते, डॉक्टर असतात, रुग्णवाहिका उभी असते. एकट्याच्या धावेत ही सगळी जबाबदारी घरच्यांवर येते. म्हणूनच बायको, भाऊ, मुले किंवा वडील यांपैकी जे सोबत जाणार, त्यांनी नेमके काय करायचे हे आधी ठरलेले असावे.

अंतर आणि बेळगावचे नाते

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ४२.१९५ किलोमीटर झाले आणि १९२१ मध्ये तेच कायम केले गेले. मधल्या १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन त्याहून लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले भारताकडून धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. हौशी माणसाला पाच किंवा सहा तास लागले तरी त्यात कमीपणा नाही. पाच तासांसाठी किलोमीटरला सुमारे ७ मिनिटे ६ सेकंद लागतात, सहा तासांसाठी साधारण साडेआठ मिनिटे.

चार महिने आधी

तयारीला १६ ते २० आठवडे द्यावेत. दर आठवड्याला एक लांब धाव असते, ती वाढवत ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्यायची आणि शेवटचे दोन-तीन आठवडे धावणे कमी करायचे. म्हणजे चार महिने रविवारची सकाळ घराला मिळत नाही. बाजार, मुलांचे क्लास, पाहुणे हे सगळे दुसऱ्या कुणाला तरी बघावे लागते. धावणारी घरातली बाई असेल तर हा मुद्दा आणखी मोठा. पहाटे तीन तास धावून आल्यावर तिनेच सगळ्यांचा नाश्ता करायचा असेल, तर त्याला साथ म्हणता येणार नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

रस्ता कोणता?

सरळ एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यापेक्षा चार-पाच किलोमीटरची फेरी निवडावी. पाच किलोमीटरच्या आठ फेऱ्या आणि वर २.१९५ किलोमीटर, असा हिशेब सोपा पडतो. घरचे एकाच जागी थांबू शकतात आणि धावणारा दर अर्ध्या-पाऊण तासाने त्यांच्या नजरेसमोर येतो. चारशे मीटरचा ट्रॅक मिळाला तर १०५ फेऱ्या आणि वर १९५ मीटर. कंटाळवाणे आहे, पण सर्वात सुरक्षित.

महामार्ग टाळावा. सीमाभागात हिवाळा हा ऊस गाळपाचा हंगाम असतो आणि पहाटेच्या अंधारात दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने धावावे, अंगात चमकणारे जाकीट आणि डोक्याला बॅटरी असावी. सोबतची गाडी मागे रेंगाळत ठेवू नये. ती दोन किलोमीटर पुढे नेऊन रस्त्याच्या खाली उभी करावी. मोकाट कुत्र्यांचा त्रास असेल तिथे अंधार असेपर्यंत दुचाकी किंवा सायकलवर एकजण बरोबर असलेला बरा.

नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने बेळगावात उत्तम. पहाटे साडेचारला सुरू केले तर सहा तासांची धावही साडेदहाला संपते. हैदराबाद, इंदूर, वडोदऱ्यात फेब्रुवारीनंतर ऊन झपाट्याने वाढते, त्यामुळे तिथल्या धावपटूंनी डिसेंबर-जानेवारी सोडू नये. गोव्यात हवेतल्या दमटपणामुळे वेग कमीच ठेवावा लागतो.

पाणी द्या, आग्रह करू नका

घरच्यांची सर्वात मोठी चूक मायेपोटी होते. दर फेरीला "पी, अजून पी" असा आग्रह होतो. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम उतरते आणि ते जिवावर बेतू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना हा धोका अधिक. तहान लागेल तसे घोट-घोट द्यावे. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावी, अंदाजाने नाही.

खाण्याचे सूत्र तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, चिक्की, मीठ घातलेले लिंबू सरबत, जे सरावात पचले तेच द्यावे. त्या दिवशी नवा पदार्थ नको आणि नवे बूटही नकोत. वेदनाशामक गोळ्या धावताना देऊ नयेत, मूत्रपिंडावर ताण येतो.

थांब म्हणण्याचा अधिकार

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास शरीरातला साखरेचा साठा संपत येतो. पाय जड होतात, चिडचिड होते, रडूही येते. इतपत असेल तर थोडे चालावे, काही खावे आणि पुढे जावे. पण काही खुणा वेगळ्या असतात. छातीत दुखणे, झोकांड्या जाणे, वारंवार उलटी, फार डोके दुखणे, असंबद्ध बोलणे. दर फेरीला साधा प्रश्न विचारावा : आज वार कोणता, ही कितवी फेरी? उत्तर चुकले तर धाव तिथेच संपवावी.

अडचण अशी की त्या क्षणी धावणाऱ्याला स्वतःचे काही चुकतेय हे कळत नाही. "आता दहाच राहिले" म्हणून तो हट्ट धरतो आणि घरचे हळवे होतात. म्हणून आदल्या रात्री एकच माणूस ठरवावा. त्याने थांब म्हटले की थांबायचे, रस्त्यात वाद नाही. हे धावणाऱ्याने सगळ्यांसमोर कबूल केलेले असावे.

अंग तापून भान हरपत असेल तर सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, मान-काखेत ओली फडकी ठेवावीत, वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणातही चालतो. जवळचे रात्रभर उघडे असणारे रुग्णालय कोणते, हे आधीच बघून ठेवावे.

संपल्यावर

लगेच बसू देऊ नये, दहा मिनिटे सावकाश चालवावे. कोरडे कपडे द्यावेत. तासाभरात पेज, आंबील किंवा वरण-भात असे हलके जेवण. गाडी त्याला चालवायला देऊ नये. दोन-तीन दिवस जिना उतरताना पाय दुखणारच. मात्र लघवी गडद तपकिरी झाली किंवा होईनाशी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि धाव मध्येच थांबवावी लागली तर घरात कुणी कुणाला बोल लावू नये. किती किलोमीटर झाले ते वहीत लिहून ठेवावे, डॉक्टरांचा होकार मिळाला की पुढची तारीख ठरवावी.